टीचभर मोटारींचा इतिहास

जबलपूरची ओळख भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे आणि नर्मदेच्या धुवाधार प्रपातामुळे सर्वत्र झालेली आहे. प्रवासी येतात, नावेतून तो शुभ्र दगड पाहतात आणि परत जातात. परंतु या शहराचा आणखी एक चेहरा आहे आणि तो चाकांचा आहे. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग यांची गाठ मार्च १८७० मध्ये जबलपुरास पडली आणि देशाची दोन टोके प्रथमच आगगाडीने जोडली गेली. पुढे फत्तेगड, मुंबई व मद्रास येथे विखुरलेले तोफगाड्यांचे काम एकत्र आणून १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी उभारण्यात आली. तोफ कितीही भारी असली, तरी तिला रणांगणापर्यंत नेणारा गाडा नसेल तर ती निव्वळ लोखंडाचा ओंडका होय. तो गाडा जबलपूरने घडविला.

याच कारखान्यातून १९५९ मध्ये 'शक्तिमान' ही तीन टनी लष्करी मालमोटार बाहेर पडली. मूळ आराखडा जर्मनीतील 'मान' या कंपनीचा. यंत्रकारखाना आणि आउग्सबुर्ग व न्युर्नबेर्ग ही दोन शहरे, यांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव पडलेले. शक्तिमान या नावाच्या पोटात कंपनीचेही नाव वसले आहे आणि तरी तो शब्द अस्सल आपला वाटतो. नामकरणाचा इतका चतुर नमुना सरकारी दफ्तरात क्वचितच सापडेल. पुढे १९६९ मध्ये मोटारींसाठी स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी जबलपुरास निघाली. निसान कंपनीच्या आराखड्यावर बांधलेली 'जोंगा' ही दणकट जीपही याच शहराची. तिचे नाव म्हणजे जबलपूर आणि तेथील तोफगाड्यांचा कारखाना यांच्या इंग्रजी नावांतील अक्षरांची गुंफण आहे, असा खुलासा सामान्यतः देण्यात येतो.

ज्या शहराने एवढ्या मोठ्या गाड्या केल्या, त्या शहराच्या निमित्ताने अगदी लहान गाड्यांचा, म्हणजे टीचभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृतींचा आणि त्या जमवून मांडून ठेवण्याच्या छंदाचा विचार करणे पुष्कळांना विचित्र वाटेल. प्रौढ माणसाने खेळण्यातल्या मोटारी काचेच्या कपाटात मांडाव्यात, त्यांवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, हे पाहून घरची मंडळी हसतात. परंतु लहान गाडीची हौस ही आजकालची नव्हे.

अहमदनगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) दायमाबाद येथे १९७४ मध्ये काही काशाच्या मूर्ती योगायोगाने सापडल्या. त्यांत दोन बैलांचा एक रथ आहे. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर असून त्यात उभा असलेला सारथी १६ सेंटीमीटर उंचीचा आहे. सोबत हत्ती, गेंडा आणि रेडा असून त्यांनाही चाकांची योजना केलेली आहे. या मूर्तींचा काळ हा विद्वानांच्या वादाचा विषय आहे. कोणी त्या उत्तर-हडप्पा काळात नेऊन बसवितात, तर कोणी धातूतील सोमलाचे प्रमाण पाहून शंका घेतात. तो वाद तज्ज्ञांवर सोपवावा. चार मूर्तींचे मिळून वजन साठ किलोच्या वर आहे, तेव्हा हे मुलांचे खेळणे खासच नव्हे. कोणीतरी ते मोठ्या कौशल्याने ओतले, मिरविले आणि जपून ठेवले. गोदावरीच्या खोऱ्यात लहान गाडीचे कौतुक इतके जुने आहे.

याहून जवळचे उदाहरण नागपूरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तेथे तान्हा पोळा भरतो. या प्रथेचा आरंभ दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात झाला असे सांगतात. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून आणतात, ओळीने उभे करतात, कोणाचा बैल सुरेख यावर बक्षिसे ठरतात आणि मग दारोदार जाऊन बोजारा मागितला जातो. प्रमाणशीर घडण, सजावट, मांडणी, परीक्षण आणि शेजाऱ्याच्या बैलाकडे पाहून वाटणारा थोडासा मत्सर, छंदाची ही सर्व अंगे त्यात आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत जबलपूरही नागपूरकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. त्या वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपुरास मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आले. प्रांताची वाटणी झाली, पण लाकडी बैलाला सरहद्द नसते.

आधुनिक लहान मोटारीचा जन्म मात्र आगगाडीच्या रुळांशेजारी झाला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० पासून खेळण्यातल्या आगगाड्या काढल्या. आगगाडी आली म्हणजे स्टेशन आले, हमाल आले, स्टेशनाबाहेर उभी मोटारही आलीच. तेव्हा रुळांच्या शोभेकरिता म्हणून १९३३ च्या अखेरीस सहा लहान वाहनांचा संच निघाला आणि पुढच्याच वर्षी त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. इंग्लंडातील त्या आगगाड्यांचे प्रमाण एका फुटास सात मिलिमीटर, म्हणजे एकास साडेत्रेचाळीस असे होते. मोटारी त्याच मापाच्या जवळपास केल्या गेल्या आणि म्हणून जगभरचे संग्राहक आजही एकास त्रेचाळीस या चमत्कारिक आकड्याला प्रमाण मानतात. सहा मीटर लांबीची मालमोटार या मापात १४ सेंटीमीटरांची होते. एकास चौसष्ट या दुसऱ्या लोकप्रिय मापात ती साडेनऊ सेंटीमीटरांवर येते. एकास सत्त्याऐंशी या मापात, म्हणजे पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयाच्या मापात, ती सात सेंटीमीटरांहूनही आखूड होते. पोर निघून गेले आणि पाळणा राहिला तशी ही गत आहे. आगगाड्यांचा शौक मागे पडला, पण त्यांचे माप मोटारींनी सोडले नाही.

दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलचा कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि खेळणी थांबली. युद्धानंतर लंडनमध्ये लेस्नी या नावाचा एक लहान कारखाना निघाला. कोरियातील युद्धाच्या दिवसांत खेळण्यांसाठी जस्त वापरण्यास ब्रिटनमध्ये बंदी होती, ती उठल्यावर १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त या कारखान्याने राजरथाची लहान प्रतिकृती काढली आणि तिचा खप दहा लाखांवर गेला. त्याच कारखान्यातील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. त्यांनी तिच्यासाठी रस्ता दाबण्याचे एक चिमुकले इंजिन केले आणि त्यातून 'मॅचबॉक्स' ही मालिका जन्मास आली. येथे प्रमाणाचा हिशेब मात्र उलटा होता. गाडी कोणतीही असो, ती पेटीत बसली पाहिजे. त्यामुळे दुमजली बस आणि फटफटी जवळजवळ एकाच लांबीच्या निघत. शास्त्रशुद्ध संग्राहक यावर नाक मुरडतात. मुलांना त्याचे काही वाटले नाही आणि मुलांचेच बरोबर होते.

हा इतिहास भारतात पोहोचला तो एका आडवाटेने. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने मोटारी निघू लागल्या. डिंकी हे नाव बदलून तळावर निकी असे घातले गेले. साचे झिजलेले, ओतकाम जरा जाडेभरडे, रंग दाट. लिव्हरपूलच्या मालाशी तुलना केल्यास या गाड्या ओबडधोबड दिसतात, आणि त्याकरिताच आज परदेशातील संग्राहक त्या शोधीत असतात.

येथे जबलपूरची आठवण पुन्हा होते. कारण खऱ्या मोटारींचा भारतातील इतिहास याहून निराळा नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचे साचे उत्तरपाड्यास आले आणि अँबॅसडर झाली. इंग्लंडने तो नमुना कधीच सोडून दिला, उत्तरपाड्याने तो २०१४ पर्यंत चालविला. फियाटची अकराशे मुंबईत कुर्ल्याला आली आणि कालांतराने प्रीमियर पद्मिनी झाली. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे त्या काळात परवाना आणि साचा हाच मार्ग मोकळा होता. जबलपुरात 'मान'चा आराखडा आला तोही असाच. पण साचा परका म्हणून वस्तू परकी राहतेच असे नाही. शक्तिमान सीमेवरच्या घाटांत चढली, वाळवंटात रुतली आणि निघाली. तीस-पस्तीस वर्षांत तिचा प्रत्येक खिळा जबलपूरच्या कामगाराच्या हाताखालून गेला. आउग्सबुर्गने ती गाडी ओळखली असती, पण आपली म्हटली असती की नाही याची शंका वाटते.

१९९० च्या दशकात शक्तिमान थांबली, १९९९ च्या सुमारास जोंगाही थांबली आणि त्यांच्या जागी अशोक लेलँडच्या आराखड्यावरील स्टॅलियन व टाटांच्या आराखड्यावरील मालमोटारी आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाची फेररचना होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. व्हेइकल फॅक्टरी एका कंपनीकडे गेली आणि जुनी गन कॅरेज फॅक्टरी दुसरीकडे. लष्करातून निवृत्त झालेल्या गाडीचे पुढे काय होते हे जबलपुरास सांगण्याची गरज नाही. लिलाव होतो, कामाचे भाग काढले जातात आणि उरलेले भंगारात वितळते. आजच्या मुलांना शक्तिमान म्हटले म्हणजे १९९७ साली दूरदर्शनवर आलेला उडणारा नायक आठवतो. मालमोटार आठवत नाही.

लहान प्रतिकृतीचे महत्त्व नेमके येथे आहे. अवजड यंत्र सांभाळण्यास जागा लागते, छप्पर लागते, पैसा लागतो. साडेनऊ सेंटीमीटरांची गाडी फळीवर राहते. लेबनॉनमधील नबील करम यांच्या संग्रहात २०१६ साली ३७,७७७ प्रतिकृती मोजल्या गेल्या आणि गिनेसच्या ग्रंथात त्यांची नोंद झाली. तेवढ्या खऱ्या मोटारी ठेवायच्या म्हटल्या तर एक नगर वसवावे लागेल. अर्थात संख्येला फारसा अर्थ नाही. ज्या गाड्या आपल्या रस्त्यांवरून गेल्या त्यांची पंचवीस नमुन्यांची एक रांग अशा हजारो चकचकीत परदेशी गाड्यांपेक्षा अधिक बोलकी असते.

ती रांग टिकविणे मात्र सोपे नाही. या मोटारी ज्या मिश्रधातूच्या असतात, त्यात जस्ताबरोबर अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे असते. त्यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून त्यास झामाक म्हणतात. ओतताना त्यात शिशाचा अंश मिसळला तर वर्षानुवर्षे आतल्या आत कीड लागते. गाडी फुगते, रंगाखाली बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी हात लागताच तिचा चुरा होतो. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशा गेल्या. यावर औषध नाही. दमट हवेपासून जपणे एवढेच हाती असते. जबलपूरच्या पावसाळ्यात तेही कठीण. शिवाय ऊन लागले की रंग उडतो, आणि मऊ प्लॅस्टिकचे टायर बैठकीच्या प्लॅस्टिकला चिकटून ते वितळवितात, म्हणून जाणते लोक गाडीचा भार टायरांवर न ठेवता आसाखाली आधार देतात. मूळ खोका जपावा की गाडी बाहेर काढून मांडावी हा वाद तर न संपणारा आहे. खोक्यासह गाडीची किंमत कितीतरी अधिक येते हे खरे. पण खोक्यात बंद असलेली गाडी ही तिजोरीतल्या दागिन्यासारखी; ती असते एवढेच समाधान.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटेलच्या सहकार्याने 'लिओ' या नावाखाली हॉट व्हील्स मोटारी भारतात निघाल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोहोचल्या. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ संग्राहकांची सुरुवात तेथून झाली. प्लॅस्टिकच्या, मागे ओढून सोडल्या की धावणाऱ्या अँबॅसडर व रिक्षाही बाजारात आल्या आणि त्यांनी आपले रस्ते मुलांच्या हाती दिले, ही त्यांची कामगिरी मोठीच. तथापि जबलपूरच्या गाडीची ज्याला ओढ आहे, त्याला बाजारात जाऊन भागत नाही. त्याला पुठ्ठा, पत्रा आणि लाकूड घेऊन स्वतः बसावे लागते. जुनी छायाचित्रे गोळा करायची, कोठे एखादी शक्तिमान उभी असेल तर टेप घेऊन तिचे नाक, टप आणि चाकांमधील अंतर मोजायचे, प्रत्येक मापाला त्रेचाळिसाने भागायचे. टपाच्या कापडासाठी जुना सुती रुमाल चालतो. हिरव्या रंगाची छटा साधण्यास सर्वांत अधिक दिवस जातात, कारण लष्करी हिरवा रंग उन्हात विटून निराळाच होतो आणि स्मरणात तो विटलेलाच असतो. शेवटी पाटी रंगवायची. लष्करी गाडीच्या पाटीवर आरंभी वर टोक असलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे गाडी लष्करात दाखल झाल्याचे साल सांगतात. एकास त्रेचाळीसच्या मापात तो बाण तीळाएवढा होतो. तो एका केसाच्या कुंचल्याने काढतात आणि त्यापुढे सहा आणि दोन हे आकडे घालावेत की सहा आणि पाच, याचा विचार करीत बराच वेळ थांबतात.