पार्श्विका-ललाट एकात्मता सिद्धांत

मानवी बुद्धिमत्ता मेंदूच्या एखाद्याच केंद्रात वसत नसून दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या जाळ्यातून निर्माण होते, असे मांडणारा चेतामानसशास्त्रातील सिद्धांत. रेक्स युंग आणि रिचर्ड हायर यांनी मेंदूच्या प्रतिमांकनावर आधारलेल्या ३७ अभ्यासांचा आढावा घेऊन २००७ मध्ये तो मांडला. त्यानुसार दृश्य व ध्वनी यांची माहिती प्रथम मेंदूच्या मागील व कानालगतच्या खंडांत आकार घेते; पार्श्विका खंडात, म्हणजे माथ्याखालील भागात, तिच्यातील संबंध जोडले जातात; आणि कपाळामागील ललाट खंड संभाव्य उत्तरे पडताळून पाहतो, तर अग्र मेखला-बाह्यक योग्य उत्तर निवडून इतरांना आवर घालते. हे भाग श्वेतद्रव्याच्या, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यांनी जोडलेले असल्याने त्या जोडणीची प्रतही बुद्धिमत्तेत महत्त्वाची ठरते.

याआधी, १९८८ मध्ये, हायर व सहकाऱ्यांना रेव्हनच्या आकृतिबंध चाचणीत अधिक गुण मिळवणाऱ्यांचा मेंदू ती सोडवताना कमी ग्लुकोज वापरतो, असे आढळले होते. ‘चेता-कार्यक्षमते’ची ही कल्पना आकर्षक असली, तरी कठीण कामांच्या बाबतीत ती नेहमी खरी ठरत नाही. निव्वळ आकारमानाचा दावा तर त्याहून लंगडा आहे, कारण मेंदूचे आकारमान व बुद्ध्यंक यांच्यातील सहसंबंध सुमारे ०.२४ इतकाच भरतो.

प्रतिमांकनातून मुख्यतः सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव नव्हे. म्हणूनच मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासांतून याच जाळ्याला मिळालेला दुजोरा अधिक वजनदार मानावा लागतो.