व्यास आणि धाव : मोटारसायकलच्या घनक्षमतावाढीचा इतिहास
(विशेष संदर्भ : पुणे शहर)

प्रस्तावना

पुणे हे दुचाकींचे शहर म्हणून ओळखले जाते. मात्र दुचाकीच्या इंजिनाचा इतिहास हा अभ्यासविषय म्हणून क्वचितच हाताळला गेला आहे. इंजिनाची घनक्षमता, म्हणजेच बोलीतील 'सीसी', कोणत्या मार्गांनी वाढवली गेली आणि त्या वाढीला मर्यादा कोठे पडल्या, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

घनक्षमता दोन मापांवर ठरते : सिलिंडरचा अंतर्गत व्यास, ज्याला कारागीर 'बोअर' म्हणतात, आणि दट्ट्याची धाव, म्हणजे 'स्ट्रोक'. धाव दुप्पट केली तर घनक्षमता दुप्पट होते; व्यास दुप्पट केला तर ती चौपट होते. शिवाय धाव वाढवायची तर क्रँक बदलावा लागतो. व्यास वाढवण्यासाठी सिलिंडर आतून कोरून मोठा पिस्टन बसवला तरी निभावते. या साध्या गणिताने शर्यतीच्या यंत्रांचा बराच इतिहास घडवला आहे.

शर्यतीतील पूर्वपीठिका

१९४९ साली सुरू झालेल्या मोटारसायकलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एकट्या दुचाकींसाठी १२५, २५०, ३५० आणि ५०० सीसी असे गट होते. गटाची मर्यादा ओलांडता येत नसे, परंतु तिच्या खाली राहण्यास कोणाची हरकत नव्हती. होंडा कंपनीने १९६२ मध्ये याचाच उपयोग केला. तिचे २५० गटातील चार सिलिंडरांचे इंजिन ४४ मि.मी. व्यासाचे आणि ४१ मि.मी. धावेचे होते. धाव तशीच ठेवून व्यास ४७ मि.मी. केला तेव्हा सुमारे २८५ सीसीचे इंजिन तयार झाले आणि ते थेट ३५०च्या गटात उतरवण्यात आले. त्यानंतरच्या इंजिनात व्यास ४९ व धाव ४५ मि.मी. करून घनक्षमता ३३९ सीसीपर्यंत नेली गेली. त्या वर्षीचे ३५० गटाचे अजिंक्यपद होंडावरील जिम रेडमन यांना मिळाले. या यशाला एक काळी किनारही आहे. जून १९६२ मध्ये आइल ऑफ मॅन येथील शर्यतीत २८५ सीसीची होंडा चालवताना टॉम फिलिस यांचा अपघाती मृत्यू झाला. आदल्याच वर्षी ते १२५ गटाचे विजेते ठरले होते.

आधी व्यास, मग धाव हा क्रम येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बुलेट

भारतात या प्रक्रियेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रॉयल एन्फील्ड बुलेट. १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेल्या ३५० बुलेटचा व्यास ७० व धाव ९० मि.मी. असून घनक्षमता ३४६ सीसी भरत असे. ५०० सीसीच्या बुलेटची धावही ९० मि.मी.च होती, बदलला तो व्यास, ८४ मि.मी. व्यासात वीस टक्के वाढ आणि घनक्षमतेत चव्वेचाळीस टक्के! स्वित्झर्लंडचे फ्रिट्झ एग्ली यांनी हाच व्यास ८७ मि.मी. करून ५३५ सीसीचे इंजिन सिद्ध केले. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या कॉन्टिनेंटल जीटीची मापेही हीच होती. नव्वद मिलिमीटरची ती धाव मात्र जणू वंशपरंपरेने पुढे चालत राहिली.

पुण्यातील घडामोड

आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर आणली. ती शर्यतीची गाडी नव्हे; तथापि तिच्या इंजिनांची मापे तपासली असता १९६२चीच पायवाट दिसते. १५० नावाच्या पहिल्या पल्सरचा व्यास ५७ व धाव ५६.४ मि.मी., म्हणजे प्रत्यक्षात १४३.९ सीसी. १८०मध्ये तीच धाव ठेवून व्यास ६३.५ मि.मी. झाला व १७८.६ सीसी मिळाले. २००७च्या सुमारास २०० सीसीच्या पल्सरसाठी व्यास ६७ मि.मी.वर गेला, धाव पुन्हा तीच. त्यानंतर मात्र व्यास थांबला आणि २२० सीसीकरिता धाव ६२.४ मि.मी. करण्यात आली. व्यासाला जागा पुरेनाशी झाली की कारखान्याला धावेकडे वळावे लागते, असे अनुमान यावरून काढता येते. गाडीच्या नावातील आकडा हा बहुधा गटाचा निर्देशक असतो, मापाचा नव्हे, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

कारखान्याबाहेर हा विषय अधिक नाजूक होतो. नाना पेठेत सुटे भाग मिळतात आणि झिजलेला सिलिंडर लेथवर कोरून ओव्हरसाइज पिस्टन बसवणे ही नित्याची दुरुस्ती आहे. बुलेटचा ७० मि.मी. व्यास अशा दुरुस्तीत एक मिलिमीटरने वाढला, तरी घनक्षमता सुमारे दहा सीसीने वाढते. त्याला कोणी फेरफार म्हणत नाही. हेतुपुरस्सर केलेली वाढ वेगळी. तीत सिलिंडरची भिंत पातळ होते, उष्णता बाहेर टाकण्यास जुन्या पंख्या अपुऱ्या पडतात आणि मूळ दाबासाठी घडवलेल्या क्रँक व बेअरिंगांवर जादा भार येतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून निराळा ठरेल असा बदल सामान्यतः करता येत नाही. घनक्षमता हा त्यातीलच एक तपशील होय.

जुन्या शर्यतीच्या गाडीबाबत कायद्याहून वेगळाही प्रश्न उभा राहतो. अशी गाडी धावती ठेवावी की जशीच्या तशी जपावी, हा वाद मिटणारा नाही. कोरलेल्या सिलिंडरात लायनर बसवून मूळ व्यास परत आणता येतो. परंतु मोठा सिलिंडर बसवण्यासाठी क्रँककेसचे तोंडच रुंद केले असेल तर मूळ स्थिती सहजासहजी परत मिळत नाही. गाडीची ओळख सांगणारा इंजिन क्रमांक बहुधा त्याच क्रँककेसवर ठोकलेला असतो.