आरसा आणि नक्कल



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी जीव टांगणीला लागला होता, म्हणून इकडे फिरकलेच नाही.

झालं असं. १९८० च्या दशकात मी ज्या गावात शिकवायला होते, तिथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मी कॅसेटवर टिपून घेतल्या होत्या. त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. पुढे भाच्याने ते सगळं संगणकावर उतरवून दिलं. दोन सारख्या डिस्क बसवल्या आणि म्हणाला, "मावशी, हा आरसा आहे. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी तुझ्या ओव्या शाबूत." मी निश्चिंत झाले. इतकी, की बुरशी धरलेल्या कॅसेटी टाकूनही दिल्या!

गेल्या महिन्यात तो आला, सहज पडद्यावर बघितलं आणि गप्प झाला. तिथे चौकटी कंसात दोन 'यू' दिसायला हवे होते. एक 'यू' होता, शेजारी नुसती आडवी रेघ. एक डिस्क तीन महिन्यांपूर्वीच गेली होती. ओव्या ऐकू येत होत्या, त्यामुळे मला काही कळलंच नाही. तीन महिने सगळा भार एकाच डिस्कवर!

मी इतिहासाची मास्तरीण. घरात काही बिघडलं की ते मुळात आलं कुठून, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर त्याचीच ही थोडक्यात कथा.

१९५६ साली आयबीएम कंपनीने 'रामॅक' नावाचं यंत्र आणलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत मिळून मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरं. फिरत्या तबकडीवर माहिती ठेवायची सुरुवात इथून झाली. फिरणारी वस्तू कधीतरी बंद पडणारच, हेही तेव्हापासूनच आलं. पुढे बँकांचे व्यवहार संगणकावर गेले, तसं बंद पडणं परवडेना. १९७४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात 'टँडम' नावाची कंपनी निघाली. तिचा धंदाच मुळी न थांबणाऱ्या संगणकांचा. त्यांच्या यंत्रात प्रत्येक महत्त्वाच्या भागाला जोडीदार असे, आणि डिस्कही जोडीने ठेवता येत. आरसा तो हाच. पण होता महागडा, मोठ्या पेढ्यांनाच परवडणारा.

तो आपल्यासारख्यांच्या घरात यायला वाट मोकळी झाली ती १९८८ साली. बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध वाचला. एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ लहान, स्वस्त डिस्क एकत्र का जोडू नयेत, असा त्यांचा प्रश्न. त्याला त्यांनी 'रेड' असं नाव दिलं. अडचणही त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर शंभर डिस्कच्या समूहात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी तरी जाणार. म्हणून जादा डिस्क हव्यात. त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. त्यातली पहिली म्हणजे आपला जुना आरसा.

मला त्यांचा हिशेब फार शिकवून गेला. एक डिस्क गेल्यावर ती बदलेपर्यंत जो वेळ जातो, तो त्यांनी गणितात धरला आहे. त्या अवधीत दुसरीही गेली, तरच माहिती जाते. म्हणजे सुरक्षितपणा नुसता दोन डिस्क असण्यात नाही, पहिली गेल्याचं वेळेवर कळण्यात आणि ती लगेच बदलण्यात आहे. मी तो अवधी तीन महिने उघडा ठेवला होता.

नवी डिस्क लगेच घालून टाक, असं मी म्हटलं. भाचा म्हणाला, "थांब. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, सारख्याच वयाच्या. आरसा पुन्हा भरताना उरलेली डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचली जाणार. तिने तेव्हाच मान टाकली तर?" म्हणून त्याने आधी ओव्या एका वेगळ्या, बाहेरून जोडायच्या डिस्कवर उतरवल्या आणि त्यातल्या काही लावून ऐकल्या. मग संगणक बंद करून गेलेल्या डिस्कचा क्रमांक तिच्यावरच्या चिठ्ठीशी दोनदा ताडून पाहिला. चुकून चांगली डिस्क काढली, किंवा कोरीवरचं चांगलीवर उतरवलं, तर सगळंच संपलं. नवी डिस्क बसवली. अडीच तास आकडा हळूहळू चढत होता. शेवटी दोन 'यू' दिसले तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पण त्या रात्री मला १२ जुलै १९६१ आठवला. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. वडील सावध माणूस. जमिनीच्या सगळ्या कागदांची नक्कल करून त्यांनी दुसऱ्या ट्रंकेत ठेवली होती. दोन्ही ट्रंका एकाच माजघरात होत्या. पाण्याने दोन्ही नेल्या.

आरशाचंही तसंच. दोन्ही डिस्क एकाच पेटीत. आग, पाणी, चोर, विजेचा झटका, दोघींना सारखाच. शिवाय मी चुकून एखादी ओवी पुसली, तर आरसा ती तत्परतेने दुसरीकडूनही पुसणार. आरसा म्हणजे नक्कल नव्हे. आता एक नक्कल भाच्याकडे नाशिकला असते आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी ते दोन 'यू' बघते. दिनदर्शिकेवर खूणच करून ठेवली आहे.

आणखी एक केलं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवल्यावर ती लोकांच्या कंठात राहिली होती, असं लहानपणापासून ऐकत आले. मी मात्र त्या बायकांचा आवाज घेऊन आले आणि परत कधी दिलाच नाही. गेल्या आठवड्यात त्या गावी जाऊन आले. एकीच्या नातीने मोबाइलवर आजीचा आवाज ऐकला. आधी हसली, मग पदराने डोळे पुसले, आणि पुढची ओवी तिनेच म्हटली. माझ्या कॅसेटमध्ये ती नव्हती.

असो. तुमच्याकडे असं काही असेल तर आज एकदा बघून घ्या.