उजव्या हाताची कुळकथा

लॅटिन लोकसंगीत, जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत एकाच अकूस्टिक गिटारवर आणणारे अल्बम आज भरपूर निघतात. त्यांचं मूळ शोधायचं तर वादकाच्या उजव्या हाताकडे बघावं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दि जानेरोत बासरी, चिमुकलं कावाकिन्यो आणि गिटार घेऊन बसणाऱ्या मंडळींनी ‘शोरो’ हा संगीतप्रकार घडवला. चाल युरोपातल्या पोल्काची, लय आफ्रिकी वंशाच्या माणसांची. ब्राझीलचा संगीतकार हेतोर व्हिला-लोबोस तरुणपणी यांच्यातच वाजवायचा. १९२० मध्ये त्यानं केवळ गिटारसाठी शोरोची रचना केली, तर १९२९ मध्ये पूर्ण केलेले बारा अभ्यास-तुकडे स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाला अर्पण केले. गल्लीतलं वादन असं मैफलीत गेलं.

शोरोत अंगठा जाड तारांवर खर्जाची वेगळी चाल चालवतो आणि बोटं वरच्या तारांवर कॉर्ड वाजवतात. १९५८ च्या सुमाराला ब्राझीलच्याच गायक-गिटारवादक जोआँव जिल्बेर्तोनं ‘बोसा नोव्हा’ या सांबातून निघालेल्या शैलीत हा हात आणखी संयत केला. अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलासारखा ठोका धरून राहतो; बोटं मात्र ठोक्याला चुकवत मधल्या जागा भरतात. डग्गा आणि चाट एकाच हातात यावी, तसं हे काम.

पूर्वी अशा बोटांनी वाजवायच्या गिटारला आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात ते आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं आणि तारा मिळेनात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीननं नायलॉनच्या तारा केल्या, सेगोव्हियानं त्या उचलून धरल्या.

लोरिंदो आल्मेइदा हा ब्राझीलचा वादक १९४७ मध्ये अमेरिकेत येऊन स्टॅन केन्टनच्या जॅझ वाद्यवृंदात दाखल झाला. अभिजात पद्धतीनं बोटांनी वाजवणाऱ्या आल्मेइदानं १९५३ मध्ये लॉस एंजेलिसला सॅक्सोफोनवादक बड शँकबरोबर रेकॉर्ड केली. साथीला फक्त बास आणि ड्रम. ब्राझीलच्या ईशान्येकडचा ‘बायाँव’ हा लोकठेका जॅझच्या उत्स्फूर्त वादनाशी तिथे जुळला. आजच्या अल्बमांचं घराणं इथे सुरू होतं. पुढे सेगोव्हियाकडे शिकलेल्या गिटारवादक चार्ली बर्डनं सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर १९६२ मध्ये ‘जॅझ सांबा’ ही रेकॉर्ड काढली आणि हा बाज जगभर पोचला.

आपल्याकडे लॅटिन लय त्याआधीच सिनेमातून आली होती. संभाजीनगर जिल्ह्याच्या शेजारी, गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीतले. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे गाणं त्यांनी लॅटिन चालीवर बेतलं आणि ते घरोघरी गेलं.

व्हिला-लोबोस, आल्मेइदा, चितळकर, तिघांचीही आपल्या मातीतली बैठक पक्की होती. म्हणून बाहेरचं त्यांना पचलं. संभाजीनगरच्या एखाद्या मुलाला असा अल्बम करायचा असेल, तर त्यानं बोसा नोव्हा जरूर शिकावा. पण भजनी ठेका त्याच्या अंगठ्यात आधी मुरलेला हवा. नवं संगीत त्यातूनच उभं राहील.