‘स्नो व्हाइट’ आणि कौटुंबिक चित्रपटदर्शन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सुटीच्या आदल्या रात्री आई-वडील व मुलांनी एकत्र बसून परीकथेवरील सचेतनपट पाहणे, हा कौटुंबिक आनंदाचा परिचित प्रकार आहे. हा आनंद स्वाभाविक वाटला तरी त्यालाही इतिहास आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ या चित्रपटाच्या आधारे त्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कथेचे संस्करण :
ग्रिम बंधूंच्या १८१२ मधील कथासंग्रहाच्या नावातच ‘मुले’ आणि ‘घर’ यांचा निर्देश होता. तरीही त्या आवृत्तीत स्नो व्हाइटचा मत्सर करणारी राणी तिची जन्मदात्री होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. कथा मुलांना ऐकवायची तर आईची प्रतिमा जपली पाहिजे, ही मध्यमवर्गीय धारणा या बदलामागे दिसते. मूळ कथेत राणीला तापलेल्या लोखंडी पादत्राणांत मरेपर्यंत नाचावे लागते. चित्रपटात ती कड्यावरून कोसळते.

चित्रपटगृहातून घराकडे :
२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे हा चित्रपट प्रथम दाखवला गेला. एवढी सौम्यता आणूनही भीती उरलीच होती. ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिले. त्यानुसार सोळा वर्षांखालील मुलांसोबत प्रौढ व्यक्ती असणे आवश्यक ठरले. काही स्थानिक प्राधिकरणांनी मात्र ही अट शिथिल केली. म्हणजेच, मुलांसोबत पालकांनी बसणे ही येथे केवळ हौस नव्हती, तर नियमाची अपेक्षा होती. १९४४ पासून काही वर्षांच्या अंतराने चित्रपट पुनःप्रदर्शित होत राहिला आणि बालपणी तो पाहिलेल्यांना आपल्या मुलांसह तो पुन्हा पाहता आला. १९९४ मध्ये अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट आली. चित्रपटगृहात भ्यालेल्या मुलाला बाहेर न्यावे लागे. घरात पालक चित्रपटच थांबवू शकत होते.

निष्कर्ष :
संपादकाची लेखणी, परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि पालकांच्या हातातील रिमोट ही मुलांच्या भीतीवरील नियंत्रणाचीच तीन रूपे होत. तथापि, भीती पूर्णतः वगळली असती तर एकत्र बसण्याचे प्रयोजनही क्षीण झाले असते. राणी पडद्यावर येताच मूल आईला बिलगते. कौटुंबिक चित्रपटदर्शनाचा आनंद या भीतीत आणि आश्वासनात सामावलेला आहे.