कुलूप, कडीकोयंडा आणि शेजार

शाळांना मे महिन्याची सुटी लागली, की सारसोळे परिसरातील इमारतींमध्ये तिन्हीसांजेला उजळणाऱ्या खिडक्यांची संख्या कमी होऊ लागते. कोणी कोकणात, कोणी घाटावर, कोणी लग्नकार्यासाठी बाहेरगावी गेलेले असते. गणेशोत्सव आणि दिवाळीतही हेच चित्र दिसते. आठ-पंधरा दिवसांनी परतल्यावर तुटलेला कोयंडा आणि उचकटलेले कपाट पाहण्याची वेळ एखाद्या कुटुंबावर येते. गेलेल्या दागिन्यांची किंमत कागदावर मांडता येते. परंतु आईने दिलेल्या पाटल्या किंवा मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे जमवलेले सोने परत मिळेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. परका माणूस आपल्या घरात वावरून गेला, ही भावना तर पुढे कित्येक रात्री झोप उडवते. म्हणूनच घरफोडीच्या तपासाइतकाच तिच्या प्रतिबंधाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

गाव आणि वसाहत

सारसोळे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. मार्च १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेकडील गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. आज गाव नेरुळच्या सेक्टर ६ भागात सामावलेले आहे. एका अंगाला पाम बीच मार्ग, त्यापलीकडे खारफुटी, जेट्टी आणि खाडी, तर दुसऱ्या अंगाला जुईनगर व नेरुळ रेल्वे स्थानकांकडे जाणारे रस्ते, अशी त्याची ठेवण आहे. गावठाणातील एकमेकांना खेटून असलेली घरे, गावाभोवतीच्या भाड्याच्या खोल्या, सिडकोने आखलेल्या वसाहती आणि खासगी गृहनिर्माण संस्था हे सारे हाकेच्या अंतरावर आहे.

या प्रत्येक वस्तीची सुरक्षिततेची गणिते वेगळी आहेत. गावठाणाला फाटक नाही आणि पहारेकरीही नाही. परंतु ओट्यावर बसलेली आजी गल्लीत शिरणाऱ्या अनोळखी माणसाला ‘कोणाकडे जायचे आहे?’ असे हटकल्याशिवाय राहत नाही. गृहनिर्माण संस्थेत फाटक, नोंदवही आणि कॅमेरा असतो. मात्र समोरच्या घरात कोण राहते, हे पुष्कळदा ठाऊक नसते. भाड्याच्या खोल्यांमध्ये तर दर अकरा महिन्यांनी चेहरे बदलतात. चोराला अनोळखीपणा हवा असतो, आणि तो जिथे अधिक तिथे त्याचे काम सोपे होते.

जुन्या गावगाड्यात रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी जागल्याकडे असे. चोरी झाल्यास माग काढणे हे त्याचे काम. चोराचा माग शिवेबाहेर गेल्याचे दाखवून देता आले नाही, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर किंवा गावावर येण्याची रीत दख्खनच्या अनेक भागांत होती. शहरात ही जबाबदारी पोलिसांकडे गेली. नवी मुंबईसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १९९४मध्ये स्थापन झाले. सारसोळे नेरुळ पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते.

कायद्याच्या भाषेत घरफोडी

‘चोरी’ आणि ‘घरफोडी’ हे शब्द बोलताना सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. कायदा मात्र त्यांत भेद करतो. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३३०मध्ये घरफोडीचे सहा प्रकार सांगितले आहेत. भिंतीला भोक पाडून शिरणे, भिंत चढून किंवा माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, कुलूप उघडणे, बंद केलेली वाट उघडणे आदींचा त्यांत समावेश होतो. पाइपावरून चढून न्हाणीघराच्या खिडकीतून शिरणे ही घरफोडीच होय. हरवलेली किंवा पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली वापरून दार उघडले, तरीही ती घरफोडीच ठरते. याउलट उघड्या दारातून कोणी आत आला आणि मोबाइल उचलून गेला, तर ती राहत्या घरातील चोरी होते.

राहत्या घरातील चोरीला कलम ३०५नुसार सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला कलम ३३१ लागू होते. दिवसा ती केल्यास दहा, तर सूर्यास्त ते सूर्योदय या काळात केल्यास चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

घर कसे हेरले जाते?

घरफोडी करणारा बहुधा तीन गोष्टी पाहतो. घरात कोणी आहे का, आत शिरायला किती वेळ लागेल आणि कोणाच्या नजरेस पडण्याची शक्यता किती. दारापुढे साचलेली वर्तमानपत्रे, कडीला अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या, दिवसाही जळणारा बाहेरचा दिवा आणि सलग तीन दिवस वाळत असलेले तेच कपडे ही सारी बंद घराची जाहिरात असते. दाराबाहेर लटकणारे मोठे कुलूपही हाच निरोप देते. समाजमाध्यमांवर प्रवासाची छायाचित्रे रोजच्या रोज टाकण्याची सवय त्यात भर घालते.

एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याचा धोकाही मोठा असतो. आतली रचना चोराला ठाऊक झालेली असते आणि तुटलेले दार पुष्कळदा तात्पुरतेच दुरुस्त केलेले असते. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या किर्कहोल्ट या सुमारे २,२८० घरांच्या वसाहतीत १९८०च्या दशकाच्या मध्यास राबवलेला प्रकल्प याच निरीक्षणावर बेतलेला होता. तेथे सगळ्या वसाहतीवर सारखेच लक्ष ठेवण्याऐवजी नुकत्याच फुटलेल्या घरावर लक्ष केंद्रित करण्यात आले. त्याची कुलपे बदलण्यात आली, नाणी टाकून चालणारे आणि चोरांना खुणावणारे वीज-गॅसचे मीटर काढण्यात आले आणि आसपासच्या सुमारे सहा घरांनी त्या घराकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी घेतली. पहिल्या वर्षातच वसाहतीतील घरफोड्या निम्म्याहून अधिक घटल्या. यंत्रसामग्रीचा खर्च फार नव्हता. पाच-सहा शेजाऱ्यांनी जाणीवपूर्वक नजर ठेवली, एवढेच.

कुलूप भक्कम, कोयंडा कच्चा

महागडे कुलूप आणून ते जुन्याच कडीकोयंड्याला लावणे, ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. कटावणीचा जोर कुलपावर नव्हे, तर कोयंड्यावर आणि तो ज्या स्क्रूंनी लाकडात बसवला आहे त्यांच्यावर येतो. आखूड स्क्रू आणि पावसाळी दमटपणाने पोखरलेली चौकट असेल, तर कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा हातात येतो. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडी कड्या, बिजागऱ्या व खिडक्यांचे गज लवकर गंजतात. त्यामुळे सारसोळ्यासारख्या भागात त्यांची दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासणी करणे अगत्याचे आहे.

दारात आतून बसवलेले आणि बाहेरून फक्त किल्लीचे छिद्र दिसणारे कुलूप दोन अर्थांनी उपयोगी पडते. ते फोडायला वेळ लागतो आणि घरात कोणी आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. मुख्य दारापुढे जाळीचे दुसरे दार असल्यास बेल वाजवणाऱ्याशी दार न उघडता बोलता येते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या, डक्टकडील बाजू व गच्चीचे दार या जागा मात्र नेहमीच दुर्लक्षित राहतात. खिडक्यांना जाळ्या बसवताना आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्यासाठी आतून उघडणारी एक झडप ठेवावी.

गस्त आणि बीट

वस्तीत घरफोड्या वाढल्या, की ‘गस्त वाढवा’ ही पहिली मागणी होते. ती रास्त असली, तरी गस्तीच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात एक प्रयोग झाला. १५ बीटचे तीन गट करून एकात नेहमीची गस्त बंद ठेवली, दुसऱ्यात वाढवली आणि तिसऱ्यात पूर्ववत ठेवली. घरफोड्यांच्या प्रमाणात किंवा नागरिकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. गाडी रस्त्यावरून फिरते. चोर इमारतीच्या मागच्या बाजूला असतो.

याचा अर्थ गस्त निरुपयोगी आहे, असा नव्हे. ती नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी हवी. त्यासाठी लागणारी माहिती नागरिकांकडे असते. कोणत्या गल्लीतील पथदिवे बंद आहेत, कोणत्या इमारतीची मागची भिंत पडली आहे, कोणती घरे सुटीत बंद राहणार आहेत, हे बीटवरील पोलिसाला वेळेत कळले, तर त्याच्या फेरीला दिशा मिळते. आपल्या बीटच्या अंमलदाराचे नाव किती रहिवाशांना माहीत असते, हा प्रश्न प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने स्वतःला विचारावा.

भाडेकरूची नोंद कशासाठी?

नोव्हेंबर २०१७मध्ये सारसोळ्यापासून जवळच असलेल्या जुईनगरमध्ये घडलेल्या घटनेने सारे राज्य चकित झाले. बँक ऑफ बडोदाच्या सेक्टर ११मधील शाखेशेजारचा एक गाळा काही महिन्यांपूर्वी भाड्याने घेऊन तेथे किराणा दुकान थाटण्यात आले होते. दुकानातून थेट बँकेच्या लॉकरच्या खोलीपर्यंत बोगदा खणण्यात आला आणि शनिवार-रविवारच्या सुटीत सुमारे ३० लॉकर फोडले गेले. सोमवारी, १३ नोव्हेंबर रोजी बँक उघडल्यावर प्रकार उजेडात आला. घरात ठेवलेले सोने असुरक्षित म्हणून लॉकरमध्ये ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना बसलेला तो मोठा धक्का होता.

लॉकरबाबतचे नियम त्यानंतर बदलले. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या सूचनांनुसार चोरी, घरफोडी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. ही रक्कम ऐवजाच्या किमतीहून बरीच कमी असू शकते. त्यामुळे मौल्यवान दागिन्यांचा स्वतंत्र विमा असणे श्रेयस्कर.

या घटनेचा दुसरा धडा घरमालकांसाठी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचे आदेशही पोलीस आयुक्तालयांकडून काढले जातात. वाढीव भाड्याच्या मोहाने किंवा कंटाळ्याने टाळली जाणारी ही नोंद केवळ कागदी सोपस्कार नाही. मूळ ओळखपत्र पाहणे, कायमचा पत्ता पडताळणे आणि महिन्यातून एकदा जागेवर फेरी मारणे, एवढे केले तरी पुष्कळ गोष्टी वेळीच लक्षात येतात.

सुरक्षारक्षकांनाही हेच लागू पडते. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, २००५नुसार अशा संस्थेकडे परवाना आणि तिच्या रक्षकांची चारित्र्य पडताळणी झालेली असणे आवश्यक आहे. स्वस्तात मिळतो म्हणून बारा-बारा तास उभा केलेला थकलेला वृद्ध रक्षक पहाटे तीन वाजता जागा राहील, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

सावधपणा आणि संशय

सावध राहणे आणि संशयाने पछाडले जाणे यांत अंतर आहे. ब्रिटिशांनी १८७१मध्ये केलेल्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कलंक कागदोपत्री १९५२मध्ये पुसला गेला. मनातून मात्र अजून गेलेला नाही. चोरी झाली, की फेरीवाला, भंगारवाला, मोलकरीण किंवा परप्रांतीय मजूर यांच्याकडे प्रथम बोट दाखवले जाते. नोंद सर्वांची सारखी व्हावी आणि संशय कृतीवरून घ्यावा. जातीवरून किंवा बोलीवरून नव्हे. पकडलेल्याला मारहाण करणे हाही गुन्हाच आहे.

चोरी झाल्यास

दार फोडलेले दिसताच आत शिरू नये. चोर आतच असण्याची शक्यता असते. ११२ क्रमांकावर कळवावे. ठसेतज्ज्ञ व पंचनामा होईपर्यंत कपाट, कड्या किंवा विखुरलेले सामान हाताळू नये. आवरासावर करण्याच्या घाईत पुष्कळदा महत्त्वाचा पुरावा नाहीसा होतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ऑनलाइन कळवल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करणे आवश्यक असते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे. मुद्देमाल सापडल्यास तो न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. त्यासाठी तो आपलाच असल्याचे दाखवावे लागते. दागिन्यांची छायाचित्रे, सराफाच्या पावत्या आणि मोबाइल-संगणकाचे क्रमांक जपून ठेवलेली कुटुंबे येथे फायद्यात राहतात. या नोंदी त्याच कपाटात ठेवू नयेत, हे सांगणे न लगे!

गावी जाताना...

- वर्तमानपत्र आणि दूध बंद करण्यास सांगावे.
- दोन शेजाऱ्यांना जाण्या-येण्याच्या तारखा व दूरध्वनी क्रमांक द्यावा. दीर्घ मुक्काम असल्यास पोलीस ठाण्याला कळवावे.
- किल्ली पायपुसण्याखाली, कुंडीत किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नये.
- रोकड व दागिने घरात ठेवू नयेत.
- खिडक्या, गॅलरी आणि मागील दार स्वतः तपासावे.
- शेजाऱ्याला अधूनमधून दारापुढे झाडून घेण्याची व सायंकाळी दिवा लावण्याची विनंती करावी.
- प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर प्रसिद्ध करावीत.

यातील बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, ओळख मात्र लागते. सारसोळ्याच्या गावठाणात ओट्यावरून जी चौकशी सहज होते, ती शेजारच्या सात मजली इमारतीच्या जिन्यातही होऊ लागली, तर बंद घर खऱ्या अर्थाने एकटे राहणार नाही.