गटार उलटं येतं तेव्हा

फ्लॅट शोधताना तळमजला नको असं सगळेच म्हणतात. कारणं विचारली तर डास, चोर, खिडकीसमोर लावलेल्या गाड्या. एक कारण मात्र ब्रोकर कधीच सांगत नाही. बाहेरची लाइन तुंबली की वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून बाहेर येतं. म्हणजे तळमजल्याच्या मोरीतून, नाहीतर संडासातून. कोणी काय टाकलं याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही, त्याला फक्त पातळी कळते.

हा प्रकार एका आख्ख्या शहराने सोसलाय, आणि त्याची गोष्ट भारी आहे.

लंडनमध्ये साधारण १८१५ पर्यंत घरातला मैला गटारात सोडणं हा चक्क दंडनीय गुन्हा होता. गटारं पावसाच्या पाण्यासाठी. मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा आणि रात्री माणसं येऊन तो उपसून न्यायची. मग फ्लशचे संडास आले, खड्डे भरून वाहायला लागले आणि सरकारने पार टोपी फिरवली. १८४७ पासून घरं गटारांना जोडणं सक्तीचं व्हायला लागलं. पुढच्या सहाएक वर्षांत तीस हजार खड्डे बंद झाले. थोडक्यात, लोड कितीतरी वाढवला आणि सर्व्हर तोच ठेवला!

ही गटारं जात होती थेम्समध्ये. आता थेम्सला लंडनमध्येही भरती-ओहोटी असते, आणि गटारांची तोंडं होती ओहोटीच्या पातळीला. भरती आली की तोंडं बंद. उंचावरच्या वस्त्यांतून पाणी येतच राहायचं आणि सखल भागातल्या गटारांत साचायचं. कित्येक ठिकाणी दिवसाच्या २४ तासांपैकी १८ तास मैला तसाच उभा. त्यात भरतीच्या वेळीच मोठा पाऊस आला, की तो घरांच्या नळांतून उलटा चढून तळघरात. नदीच्या दक्षिणेला लॅम्बेथ, सदर्क, बर्मन्सी या वस्त्यांतली बरीचशी जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली होती. तिथे कोण राहत होतं हे वेगळं सांगायला नको.

१८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये चौदा हजारांच्या वर माणसं गेली. विल्यम फार नावाचा एक संख्याशास्त्रज्ञ सरकारी नोंदणी कार्यालयात होता. त्याने प्रत्येक भागाची नदीपासूनची उंची आणि तिथले मृत्यू शेजारी शेजारी मांडले. जितकी जमीन खाली, तितके मृत्यू जास्त. इतकं नीट बसणारं गणित की बघणारा हरखून जावा. त्यावरून फारने निष्कर्ष काढला की नदीकाठची दूषित हवा माणसं मारते. डेटा बरोबर, निष्कर्ष चूक. (आपल्याकडेही दर दुसऱ्या मीटिंगमध्ये हेच होतं.) सखल वस्त्यांना प्यायचं पाणीसुद्धा मैला पडणाऱ्या त्याच थेम्समधून मिळत होतं. जॉन स्नो हेच ओरडून सांगत होता, पण तो १८५८ च्या जूनमध्ये वारला. १८६६ च्या साथीत फारने स्वतःच पाण्याचा माग काढला.

स्नो गेला त्याच उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले. इतकी वर्षं तळघरात मैला येत होता तेव्हा चर्चा चालू होती. वास खासदारांच्या नाकाशी आल्यावर कायदा अठरा दिवसांत पास झाला!

काम जोसेफ बॅझलजेटकडे आलं. या माणसाचं डिझाइन मला मनापासून आवडतं. त्याने नदीला साधारण समांतर अशी मोठी गटारं टाकली, उत्तरेकडे तर तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर. उंचावरचं पाणी वरच्या वरच अडवायचं आणि उतारानेच शहराबाहेर न्यायचं, त्याला सखल भागात उतरूच द्यायचं नाही. उतार मैलाला किमान दोनेक फूट. बऱ्याच गटारांचा आकार अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली. म्हणजे पाणी कमी असलं तरी तळाशी वेग राहतो आणि गाळ बसत नाही. (अंड्याची कल्पना त्याची नाही, आधीची आहे.) फक्त सखल भागातलं पाणी पंपाने वर उचलायचं. क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन १८६५ मध्ये सुरू झालं, ॲबी मिल्सचं १८६८ मध्ये.

मुंबईकरांना भरतीचं हे गणित शिकवायला नको. तिथली पावसाळी गटारं आखली होती तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडला. पंप बसवायचा सल्ला १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालातच होता. हाजी अली आणि इर्ला इथली स्टेशनं सुरू व्हायला २०११ उजाडलं.

बॅझलजेटची युक्ती इमारतीतही चालते. तळमजल्याची लाइन वरून येणाऱ्या उभ्या पाइपला न जोडता वेगळी थेट चेंबरपर्यंत न्यायची. मग उभा पाइप खाली कुठे तुंबला तरी तळमजला वाचतो. घर बघायला जाल तेव्हा हे विचाराच. आणि गटार उलटं आलंच तर आधी वरच्या सगळ्यांना नळ बंद करायला सांगा, मग चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे, रस्त्याच्या बाजूला. कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मधे. आत माणूस मात्र उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि आतला वायू क्षणात जीव घेतो.

आमच्या सोसायटीत ही वेगळी लाइन टाकायचा विषय निघाला तेव्हा चौथ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "आम्हाला कुठे त्रास आहे? खर्च खालच्यांनी करावा." त्याच आठवड्यात मशीन लावून उभ्या पाइपचा खालचा बेंड साफ केला. निघालं काय, तर गोठलेलं तेल, वेट वाइप्स आणि दोन डायपर.

तळमजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं.